हिरवी की पांढरी: कॅस्टरने घातलेला घोळ

मंडळी, जुनी मारुती जिप्सी घ्यायची म्हणून दोन गाड्या बघतोय, त्यातली हिरवी घेणार असं मागच्या नोंदीत लिहिलं होतं; तिचं टोकन (बयाणा) द्यायचं थांबवलंय. मागच्या नोंदीनंतर अभिनंदनाचे फोन करणाऱ्या सगळ्यांना एकदमच सांगून टाकतो, म्हणजे एकेकाला समजावत बसायला नको. गाडीचं इंजिन उत्तम आहे, लॉकर (मागची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा) चोख लागतो, विंचही (अडकलेली गाडी ओढायची मोटर) दमदार ओढते. पण ५५च्या आसपास एखादा आडवा जोड किंवा खड्डा लागला की पुढची चाकं थयथयाट सुरू करतात (यालाच वॉबल म्हणतात), आणि गाडी जवळजवळ थांबेपर्यंत स्टिअरिंग हातात राहत नाही. पहिल्यांदा झालं तेव्हा टायर फुटला असंच वाटलं.

उजळणी थोडक्यात. हिरवी म्हणजे पिंपरीची जिप्सी एमजी४१३डब्ल्यू: एमपीएफआय (इंजेक्शनचं पेट्रोल इंजिन), एसपीओए (पाटे एक्सलच्या वर बसवून उचललेली), ३१ इंची मड टायर, मागे लंचबॉक्स लॉकर, पुढे विंच. पांढरी म्हणजे साताऱ्याची हार्डटॉप: तेच इंजिन, पण बाकी सगळं कंपनीने दिलं तसंच, पाटेसुद्धा, आणि ते आता जवळजवळ सपाट झालेत. दोघींच्या किमतीतला फरक एवढाच की हिरवीवर लावलेलं सामान सुटं घ्यायला गेलं तर त्यापेक्षा जास्त पैसे पडतील. म्हणूनच तर हिरवीकडे मन झुकलं होतं.

हिरवीच्या मालकाचं कौतुक करायला हवं. "वॉबलचं कारण सापडलं तर मलाही हवंय," म्हणत त्याने गाडी सरळ आमच्या मिस्त्रींच्या शेडमध्ये आणून लावली. विकायला काढलेली गाडी अशी उघडून बघू देणारे विरळाच.

सुरुवात टायरपासून. पुढचे मागे, मागचे पुढे केले. थरथर थोडी बदलली, गेली नाही. बॅलन्सिंगवाल्याने रिमला इतकी वजनं चिकटवली की शेवटी त्यालाच हसू आलं. मड टायर अर्धा झिजला की मशीनवर नीट बॅलन्स होतच नाही, हे पुन्हा एकदा सिद्ध झालं. व्हील बेअरिंग ठीक. टाय रॉडचे एंड नवे. मग किंगपिन, म्हणजे पुढचं चाक ज्या खिळीवर वळतं ती. नकल (चाक धरून वळणारा भाग) मोकळा करून ताणकाट्याने ओढून बघितला, तर एका बाजूला प्रीलोड (बेअरिंगवरचा दाब) जवळजवळ नव्हताच. एक शिम (पातळ चकती) काढली, दोन्ही बाजू सारख्या केल्या. वॉबल ५५वरून ६०वर सरकला. म्हणजे दिशा बरोबर, पण मुद्दा वेगळाच.

इथे एक भर. हे ५५ म्हणजे मीटरवरचे. स्टॉक, म्हणजे कंपनीच्या मूळ २०५/७० आर१५ टायरचा व्यास २६.३ इंच, त्या जागी ३१ इंची म्हणजे चाक १८ टक्के मोठं. मीटरने ५५ दाखवलं तर हिशेबाने ६५ व्हायला हवं. जीपीएसवर ६२-६३ दिसलं, कारण स्टॉक मीटर मुळात थोडं चढंच दाखवतं. मोठ्या टायरच्या गाडीची चाचणी घेताना मालक "साठला पळते" म्हणाला तर कुठल्या साठला, ते विचारून घ्या.

मग मी हट्टाने स्टिअरिंग डॅम्पर (स्टिअरिंगची थरथर शोषणारा दांडा) काढायला लावला. चांगला जाडजूड, महागातला डॅम्पर होता. तो निघाल्यावर वॉबल थेट ४५ला! डॅम्पर म्हणजे तापाची गोळी: ताप उतरतो, दुखणं तिथेच राहतं. जिथे तिथे "डेथ वॉबलवर रामबाण" म्हणून हे विकतात, त्याची मला भयंकर चीड आहे. विकायला काढलेल्या लिफ्टेड गाडीला नवाकोरा डॅम्पर दिसला तर मी तरी आधी तो काढूनच चालवून बघेन.

ड्रॅग लिंकवर, म्हणजे स्टिअरिंगकडून चाकाकडे जाणाऱ्या दांड्यावर, माझा संशय होता. एसपीओए केली की पाटा एक्सलच्या हौसिंगच्या खालून वर जातो, गाडी साधारण पाच इंच उचलली जाते आणि स्टॉक ड्रॅग लिंक इतकी तिरपी होते की पाटा दबला की स्टिअरिंग आपोआप ओढलं जातं. पण मालकाने झेड-लिंक (झेडसारखी वाकवलेली ड्रॅग लिंक) बनवून घेतली होती आणि कामही चांगलं होतं. दोघांनी गाडी दाबून-उचलून बघितली, पिटमन आर्म (ड्रॅग लिंकला ओढणारा स्टिअरिंग बॉक्सचा हात) जागचा हलला नाही. संशय मागे घेतला.

शेवटी डिजिटल अँगल गेज काढला. किंगपिनच्या वरच्या टोपीवर ठेवला. डावीकडे एक अंशाच्या आत, उजवीकडेही तेवढाच. स्टॉक गाडीला साडेतीन अंशांच्या आसपास कॅस्टर (किंगपिनचं डोकं मागे झुकलेलं असण्याचा कोन) असतो. म्हणजे चाकं सरळ राहण्यासाठी जो कल लागतो, तो जवळजवळ उरलेलाच नव्हता.

का उरला नव्हता? गाडीखाली आडवं पडून बघितलं की पाच मिनिटांत कळतं. पाट्यांच्या नव्या बैठका वेल्ड करताना करणाऱ्याने पुढच्या डिफचा (डिफरेन्शिअलचा) पिनियन, म्हणजे शाफ्ट जोडायचं नाक, नेमका ट्रान्स्फर केसकडे (पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद वाटणारा गिअरबॉक्स) रोखलाय, म्हणजे प्रॉपेलर शाफ्टच्या क्रॉसवर (सांध्यावर) ताण कमी. बघायला सुरेख. पण पुढची हौसिंग आणि तिच्या टोकांचे किंगपिन हा एकच अखंड तुकडा असतो. पिनियनचं नाक वर केलं की किंगपिनचं डोकं पुढे झुकतं आणि कॅस्टर जातो. एकाला खूश करावं तर दुसरा रुसतो. ज्याने वेल्ड केलं त्याने शाफ्टला खूश केलं.

उपाय म्हणून आधी पाचरी घालायच्या ठरल्या. पाटा आणि बैठकीच्या मध्ये अडीच अंशांची पाचर. ऑनलाइन ॲल्युमिनियमच्या मिळतात, मी त्या नको म्हटलं; पाट्याखाली ॲल्युमिनियम दबतं, चिरतं, आणि एकदा यू-बोल्ट सैल झाला की पुढचं सांगायला नको. भोसरीत एका टर्नरकडून माइल्ड स्टीलच्या कापून घेतल्या, सेंटर बोल्ट तेवढा लांब घेतला. मिस्त्रींनी सवयीप्रमाणे जाड बाजू पुढे धरली. स्टॉक जिप्सीत पाटा हौसिंगच्या खाली असतो, तिथे ते बरोबरच. एसपीओएत पाटा वर, म्हणून सगळं उलटं: जाड बाजू मागे. मिस्त्री क्षणभर हवेत हात फिरवत राहिले, मग म्हणाले, "हां, बरोबर आहे तुमचं, साहेब." तीस वर्षं पाटे बांधणाऱ्या माणसाकडून हे ऐकायला मिळालं, त्या दिवशीचा चहा माझ्याकडून.

गेजवर साडेतीनला जरा कमी. डॅम्पर न लावताच गाडी काढली. पंचेचाळीस, काही नाही. पंचावन्नला पुलाचा जोड मुद्दाम घेतला, स्टिअरिंग एकदा हललं आणि आपसूक सरळ झालं. बायपासवर मीटरचे सत्तर. मालक शेजारी बसला होता, तो काही बोलेना. चार वर्षं गाडी वापरतोय आणि सत्तरचा आकडा त्याने बहुतेक पहिल्यांदाच बघितला. वळणानंतर स्टिअरिंग स्वतःहून परत येतंय, ही चैन स्टॉक गाडीवाल्यांना कळायची नाही.

इथेच नोंद संपवली असती तर टोकन गेलं असतं.

पाचरीमुळे पिनियन खाली आलाय, हे डोक्यात होतंच. रस्त्यावर त्याचा त्रास जाणवत नाही, कारण पुढचे फ्री-व्हील हब मोकळे असले की शाफ्ट फिरतच नाही. जिप्सीचं हे एक बरं आहे. फोर-हाय, फोर-लोमध्ये (चारही चाकं ओढतात तेव्हा) वेग कमी, तिथली थोडी गुरगुर सहन करता येईल असा माझा हिशेब. पण घाटातल्या एखाद्या पायरीवर पुढचं चाक पूर्ण लोंबकळलं की काय? चॅसिसला जॅक लावला, पुढचा एक्सल पूर्ण खाली सोडला, ट्रान्स्फर न्यूट्रलला टाकून शाफ्ट हाताने फिरवला. एका फेरीत दोनदा अडकला. क्रॉस धरणाऱ्या योकचे कान एकमेकांना टेकतायत. असं चाक हवेत असताना लो गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दिला की क्रॉस तरी तुटेल, नाहीतर ट्रान्स्फरचा योक.

मग पर्याय तीन. योकचे कान ग्राइंड करून जागा करायची, म्हणजे तो कमकुवत करायचा. लिमिट स्ट्रॅप (एक्सल अडवणारा पट्टा) बांधून एक्सलला खाली जाऊच द्यायचं नाही. पण मग ज्या लोंबकळण्यासाठी एसपीओए केली, तेच गेलं. किंवा शास्त्रशुद्ध काम: कट अँड टर्न. हौसिंगच्या टोकांच्या गोळ्यांचे वेल्ड काढायचे, किंगपिन हवे तेवढे फिरवायचे, पिनियन जागेवर ठेवून पुन्हा वेल्ड करायचं. होतं, लोकांनी केलंय. पण हौसिंग वाकडी न करता ते करणारा माणूस शोधा, जिग बनवा, आणि तोवर गाडी लाकडी ओंडक्यांवर. शिवाय मागे एक्सल रॅप (एक्सलचं पिळणं) रोखणारा ट्रॅक्शन बार नाही, तो वेगळाच विषय. लॉकर लागून चढ घेताना मागचा पाटा कसा मुरडतो ते मी पाहिलंय.

या सगळ्यात गाडीखाली पडल्यापडल्या एक मोजमाप केलं आणि तिथे माझा बेतच फिरला. डिफच्या गोळ्याखाली जमिनीपासून किती जागा? हिरवीला स्टॉकपेक्षा फक्त सव्वादोन-अडीच इंच जास्त, आणि तीही पूर्णपणे टायरमुळे. एसपीओएचे पाच इंच बॉडीखाली जातात, डिफ जिथल्या तिथे. आता आपण अडकतो कुठे? मुळशी, वेल्हे, पवनेच्या बाजूला पावसाळ्यात ट्रॅक्टरने पाडलेल्या चाकोऱ्यांत. तिथे आधी घासतो तो डिफ. कोकणात जांभ्याच्या पायरीवरही आधी तोच. सिल (दरवाज्याखालची कड) किंवा ट्रान्स्फर केस टेकल्याचे प्रसंग कमी.

आणि इंजिन तेच, ८० बीएचपी, १०३ न्यूटन-मीटर, तेही ४५०० आरपीएमला. खाली दमच नाही. ३१ इंची टायर त्यातला १५ टक्के ओढ खातो. हिरवीची लो रेंज स्टॉकच आहे, साधारण सव्वादोन पटीची. म्हणजे टायर मोठे केले पण रिडक्शन तसंच. चढावर क्लच जाळायचा की वेग वाढवून आदळायचं, एवढेच पर्याय. गोव्याच्या आरएफसीत (रेनफॉरेस्ट चॅलेंज या ऑफ-रोड स्पर्धेत) धावणाऱ्या जिप्स्यांचे फोटो बघून टायर निवडले जातात, त्यांच्या ट्रान्स्फरमधले गिअर फोटोत दिसत नाहीत.

कागदांचाही मुद्दा आहेच. जानेवारी २०१९ला सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपासून गाडी वेगळी करता येणार नाही असं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२च्या आधारे स्पष्ट केलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने नियमबाह्य बदलाला प्रत्येकी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आले. पंधरा वर्षांपुढच्या गाड्या, म्हणजे दर पाच वर्षांनी पुन्हा पासिंग. "स्टॉक चाकं लावून नेतो की," असं मालक म्हणतो. चाकं बदलता येतात, हौसिंगवरचे वेल्ड कुठे लपवणार?

तर माझी कसोटी आता ही: बोल्टने लावलेलं चालेल, वेल्डने केलेलं नको. बोल्टचं काम आवडलं नाही तर काढून विकता येतं. वेल्डसोबत कुणा अनोळखी माणसाचा हिशेब येतो, आणि तो त्याच्या वापराचा असतो. अपवाद एकच: ज्याने काम केलं तो समोर असेल आणि त्याने अंश मोजून लिहून ठेवले असतील. हिरवीच्या मालकाने गाडी अशीच घेतली होती, डबवालीकडून (हरियाणातलं जीप बनवून देणारं गाव) आलेली, एवढंच त्याला माहीत.

म्हणजे पांढरी. तिच्यात दोष नाहीत असं नाही. मागच्या बॉडी माउंटजवळ गंज आहे, पूर्ण वळवून निघताना पुढच्या एका बाजूने बर्फील्डची (पुढच्या एक्सलमधल्या वळत्या सांध्याची) टकटक येते. पण हे झिजण्याचे दोष आहेत, त्यांचं उत्तर पार्ट नंबरमध्ये मिळतं. लष्कराच्या कृपेने जिप्सीचे पार्ट अजून मिळतात. पाटे नवे, शॅकल बुश नवे, २३५/७५ आर१५ एटी (ऑल-टेरेन) टायर: व्यास २८.९, डिफखाली सव्वा इंच जास्त, ओढ जाते ती नऊ टक्के. ("जिम्नी घे" म्हणणाऱ्यांनो, बजेट पाठवा, उद्या घेतो.)

हे लिहितालिहिताच मालकाचा फोन येऊन गेला. तो हिरवी आता विकत नाहीये! वॉबल गेल्यावर त्याला गाडी पुन्हा आवडायला लागलीय, कट अँड टर्न करून घेणार म्हणतो. पाचरी त्याच्याकडेच राहू दिल्यात, तोपर्यंत फोर-लोमध्ये जपून असं बजावलंय. पण त्याला लॉकर काढून टाकायचाय, रोजच्या वापरात वळणांवर खटखट करतो म्हणून. लंचबॉक्स डिफच्या स्टॉक कॅरिअरमध्येच बसतो, कापाकापी नाही. तो पांढरीच्या मागच्या एक्सलमध्ये गेला तर? मग पांढरीला लांब शॅकल लावून थोडं उचलायचा (शॅकल-लिफ्टचा) जो विचार चालला होता तो बाजूला, ते पैसे लॉकरला. किंमत तो कळवणार आहे.

रविवारी साताऱ्याला जातोय, या वेळी मिस्त्रींना घेऊन. बॉडी माउंटचा गंज हातोडीने ठोकून बघणार. चॅसिसपर्यंत गेला असेल तर पुन्हा शून्यापासून. तोवर एक मदत हवी: स्टॉक रिमवर २३५/७५ लावलेल्यांनी पूर्ण वळणात टायर पुढच्या पाट्याला घासतो का, आणि घासत असेल तर स्टॉपर बोल्ट किती बाहेर काढला ते सांगा. स्पेसर (चाक बाहेर सरकवणारी चकती) सुचवू नका, बेअरिंगची बिलं मीच भरणार आहे.