बॉबी देओल, मिकी रुर्क आणि पडत्या काळाची कमाई

‘एका रोलने करिअर वाचलं’ हे वाक्य आपण इतक्या वेळा वाचतो की त्यात लॉटरी लागल्यासारखं काहीतरी वाटायला लागतं, म्हणजे माणूस घरी बसला होता, फोन आला, सिनेमा हिट झाला, संपलं. मला हे कधीच पटलेलं नाही. असे जेवढे रोल मला मनापासून आवडले त्यात एक गोष्ट सारखी दिसते, ती म्हणजे त्या रोलने नटाला त्याचे जुने दिवस परत दिले नाहीत. मधल्या वाईट वर्षांनी त्याच्या चेहऱ्यावर, शरीरावर जे काही करून ठेवलं होतं तेच एखाद्या दिग्दर्शकाने उचललं आणि कामाला लावलं. आज त्याच्यावरच लिहितेय, आणि सुरुवात बॉबी देओलपासूनच करायला पाहिजे कारण आमच्या पिढीने त्याचा चढ आणि उतार दोन्ही डोळ्यांनी बघितलेत.

1995 ला ‘बरसात’ आला, ते लांब कुरळे केस, फिल्मफेअरचं पदार्पणाचं अवॉर्ड, मग 1997 ला ‘गुप्त’ आणि 1998 ला ‘सोल्जर’. त्या वेळी कॉलेजातली निम्मी पोरं तसे केस वाढवून आणि गॉगल लावून फिरायची. 2002 च्या ‘हमराज’ पर्यंत ठीक चाललं होतं. त्यानंतर जे सुरू झालं ते धाडकन पडणं नव्हतंच, हळूहळू सगळं विरत गेलं. सिनेमे येत होते पण लक्षात राहत नव्हते, भावाबरोबर आणि वडिलांबरोबरचा ‘यमला पगला दीवाना’ 2011 ला चालला, 2013 ला त्याचा दुसरा भाग आला तो नाही चालला, आणि मग काही वर्षं माणूस पडद्यावरून गायबच. त्या काळाबद्दल तो स्वतः मुलाखतींमध्ये फार मोकळेपणाने बोललाय, दारू वाढली होती, स्वतःची कीव करत बसलो होतो, आणि एक दिवस मुलाने आईला विचारलं की तू रोज कामाला जातेस आणि पप्पा घरीच का असतात. हे सगळ्या देशासमोर सांगायला जिगर लागते, आणि तेही देओल घराण्यातल्या माणसाने.

2017 ला तो परत आला तो ‘पोस्टर बॉईज’ मधून. आपल्या मराठी ‘पोश्टर बॉईज’ चाच हिंदी अवतार, श्रेयस तळपदेने दिग्दर्शित केलेला पहिला सिनेमा. मूळ मराठी सिनेमा 2014 ला इतका मस्त चालला होता, नसबंदीच्या पोस्टरवर फोटो छापले गेलेल्या तिघांची ती गोष्ट, पण हिंदीत ती मजा उतरली नाही आणि थिएटरात लोक गेले नाहीत. मग 2018 ला सलमानबरोबर ‘रेस 3’, त्यासाठी बॉडी वगैरे केली, सिनेमा कसा होता ते जाऊदे, पण माझ्या मते त्या सिनेमाचा एक उपयोग झाला, तो म्हणजे इंडस्ट्रीला कळलं की हा माणूस पुन्हा मेहनत करायला तयार आहे.

आता इथे माझं आणि बऱ्याच लोकांचं जमत नाही. सगळे म्हणतात बॉबीला ‘अ‍ॅनिमल’ ने वाचवलं. मी म्हणते त्याला 2020 च्या ऑगस्ट महिन्याने वाचवलं. लॉकडाऊन, थिएटरं बंद, सगळे घरात मोबाईल घेऊन बसलेले, आणि त्या एकाच महिन्यात, एका आठवड्याच्या अंतराने, त्याची दोन कामं आली. पहिलं नेटफ्लिक्सवरचं ‘क्लास ऑफ 83’, त्यात तो नाशिकच्या पोलिस ट्रेनिंग सेंटरचा डीन असतो, शिक्षा म्हणून तिकडे पाठवलेला, आतून मोडलेला अधिकारी. केस पिकलेले, आवाज खालचा, फार हालचाल नाही. आणि मग प्रकाश झा यांची ‘आश्रम’ ही वेब सिरीज, त्यातला भोंदू बाबा निराला! हिरोचा चेहरा तोच, हसू तेच गोड, पण त्या हसण्याची आता भीती वाटते. ‘जपनाम’ म्हणताना तो आवाज अजिबात चढवत नाही, शांतपणे समोरच्याकडे बघत राहतो, आणि समोरचा माणूस विरघळतो. आपल्याकडे भोंदू बाबा इतके बघितलेत आपण पडद्यावर, बहुतेक सगळे डोळे वटारणारे. हा एकच असा बघितला की ज्याच्या पाया पडायला रांग का लागते ते कळतं. पंचवीस वर्षं ज्याला लोकांनी देखणा, सालस पोरगा म्हणून बघितलं त्याच्याच तोंडून हे सगळं येतं म्हणून ते टोचतं, दुसरा कोणी सराईत व्हिलन असता तर आपण पहिल्या एपिसोडलाच सावध झालो असतो.

मग 1 डिसेंबर 2023, ‘अ‍ॅनिमल’. सिनेमा मला आवडला नाही हे स्पष्टच सांगते, त्यातली बायकांना दिलेली वागणूक बघवत नाही आणि बॉबीच्या पात्राच्या वाट्यालाही तसलेच प्रसंग आलेत. पण त्याचं काम वेगळं काढून बघावंच लागतं. तीन तास एकवीस मिनिटांचा सिनेमा, त्यात हा इंटर्वलनंतर येतो, मोजकी मिनिटं असतो, आणि पात्र मुकं आहे, म्हणजे एक संवाद नाही! धर्मेंद्रचा मुलगा आणि सनीचा भाऊ, ज्या घरात संवादांवर शिट्ट्या पडायच्या, त्याला कोणीतरी म्हणतं की तू काही बोलू नकोस. संदीप रेड्डी वांगाने त्याला का घेतलं तो किस्सा बॉबीनेच सांगितलाय, काम नव्हतं त्या काळात तो सेलिब्रिटी क्रिकेट लीग खेळायला जायचा, तिथला एक फोटो दिग्दर्शकाने त्याला दाखवला आणि म्हणाला की ह्या फोटोत तुझ्या चेहऱ्यावर जे आहे ते मला पाहिजे. विचार करा जरा. ‘सोल्जर’ चं पोस्टर नाही दाखवलं, जिममधला फोटो नाही दाखवला, बेकारीच्या दिवसांतला, कुठेतरी हरवून बसलेला फोटो दाखवला. मला ह्या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते.

आणि ते त्यातल्या ‘जमाल कुडू’ गाण्यावर डोक्यावर ग्लास ठेवून नाचणं, ते त्याचं स्वतःचं सुचलेलं, लहानपणी पंजाबात लोक पिऊन डोक्यावर ग्लास ठेवून नाचायचे ते आठवलं म्हणे आणि करून टाकलं. त्यानंतर महाराष्ट्रातल्या प्रत्येक लग्नाच्या वरातीत एक तरी काका डोक्यावर ग्लास ठेवून नाचलेत, तुम्हीही बघितले असतील. रिलीजनंतर थिएटरबाहेर कॅमेऱ्यांसमोर तो रडला तो व्हिडिओ मी आजही पूर्ण बघू शकत नाही, गळा भरून येतो.

हाच प्रकार, पण आणखी टोकाचा, बघायचा असेल तर मिकी रुर्क. ऐंशीच्या दशकात हॉलीवूडमधला सगळ्यात देखण्या नटांपैकी एक, ‘नाइन अँड हाफ वीक्स’, ‘एंजल हार्ट’, लोक त्याची तुलना थेट मार्लन ब्रँडोशी करायचे. 1991 ला ह्याने अ‍ॅक्टिंग सोडली आणि प्रोफेशनल बॉक्सिंग सुरू केलं! हरला एकही मॅच नाही, पण नाक मोडलं, गालाचं हाड मोडलं, मग त्याच्यावर सर्जऱ्या झाल्या आणि त्या काही नीट झाल्या नाहीत. ज्या चेहऱ्यावर करिअर उभं होतं तोच गेला. 1994 मध्ये बॉक्सिंग थांबलं तेव्हा परत यायला जागाच नव्हती. पुढची कितीतरी वर्षं लहानसहान रोल, 2005 ला ‘सिन सिटी’ मध्ये दिसला पण तिथे तर चेहरा मेकअपच्या खाली होता.

2008 ला डॅरेन अ‍ॅरोनॉफ्स्कीने ‘द रेस्लर’ केला. पैसे घालणारे रुर्कच्या नावावर तयार नव्हते, मध्ये निकोलस केजचं नावही आलं होतं, पण दिग्दर्शक शेवटी ह्याच्यावरच थांबला आणि साधारण साठ लाख डॉलरमध्ये, म्हणजे हॉलीवूडच्या हिशोबात किरकोळ पैशात, सिनेमा झाला. रँडी ‘द रॅम’, ऐंशीच्या दशकात गाजलेला कुस्तीपटू, आता कानाला मशीन, ट्रेलरमध्ये राहतो, भाडं थकलं की त्यातही जाता येत नाही, शनिवार-रविवारी छोट्या हॉलमध्ये शंभर-दोनशे लोकांसमोर मार खातो. मधे हार्ट अटॅक येतो आणि तो सुपरमार्केटच्या खाद्यपदार्थांच्या काउंटरवर नोकरी धरतो. डोक्यावर जाळीची टोपी, छातीवर नावाचा बिल्ला, म्हाताऱ्या बायकांना सॅलड वाढून देतोय, आणि सुरुवातीला त्याला चक्क मजा येते, गिऱ्हाइकांशी गप्पा मारतो, हसवतो. मग एक माणूस त्याला ओळखतो. ‘तू तोच ना?’ आणि ते ओळखणं त्याला सहन होत नाही, मांस कापायच्या मशीनमध्ये हात घालून घेतो. तो सीन बघताना रँडी कुठे संपतो आणि रुर्क कुठे सुरू होतो ते सांगता येत नाही, कारण ओळखलं जाण्याची लाज त्याने खरंच भोगलेली होती, पंधराएक वर्षं. मेकअपने हा चेहरा बनवता आला नसता.

सिनेमाला व्हेनिस चित्रपट महोत्सवाचा गोल्डन लायन मिळाला, रुर्कला गोल्डन ग्लोब आणि बाफ्ता, ऑस्कर मात्र शॉन पेनला ‘मिल्क’ साठी गेला. मला ते अजूनही पटत नाही, पेन उत्तम आहे पण त्या वर्षी ते रुर्कचंच होतं. पुढे ‘आयर्न मॅन 2’ वगैरे आले आणि मग पुन्हा घसरण, पुन्हा कोणाच्या लक्षात न राहणारे सिनेमे. म्हणजे एक रोल दार उघडतो, आत जाऊन काय करायचं ते त्या नटालाच ठरवावं लागतं, आणि तिथे रुर्कला जमलं नाही. गंमत बघा, ह्याच अ‍ॅरोनॉफ्स्कीने 2022 ला ‘द व्हेल’ मधून ब्रेंडन फ्रेझरलाही परत आणलं. ‘द ममी’ वाला हसरा हिरो, स्टंट करून करून पाठीच्या आणि गुडघ्याच्या सर्जऱ्या झालेला, आणि रोल कसला तर शरीराने साथ सोडलेल्या, ऑनलाइन शिकवताना स्वतःचा कॅमेरा बंद ठेवणाऱ्या शिक्षकाचा. त्याला ऑस्कर मिळाला. ह्या दिग्दर्शकाला मोडलेली माणसं बरोबर दिसतात.

पण हे काही आजचं किंवा हॉलीवूडचं नाही. आपल्या येवल्याच्या ललिता पवार. मूकपटांपासून नायिकेची कामं करत होत्या, आणि 1942 मध्ये एका शूटिंगला भगवानदादांनी सीनमध्ये मारलेली थप्पड जोरात बसली. चेहऱ्याच्या एका बाजूला लकवा, डाव्या डोळ्याची शीर फुटली, सुमारे तीन वर्षं उपचार, आणि डोळा कायमचा बारीक झाला. वय सव्वीसच्या आसपास. नायिकेचं करिअर तिथेच संपलं. पुढे त्या चरित्र भूमिकांकडे वळल्या आणि तो बारीक झालेला डोळा घेऊन हिंदी सिनेमातल्या सगळ्यात खाष्ट सासू झाल्या, इतक्या की आमच्या आज्या त्यांचं नाव कोणाला तरी टोमणा म्हणून वापरायच्या. पण मला त्यांचं सगळ्यात मोठं काम 1959 च्या ‘अनाडी’ मधलं वाटतं. मिसेस डिसा, राज कपूरची घरमालकीण, तोंडाने फटकळ, मनाने माऊली. डोळा तोच, नजर तीच, फक्त आता त्या नजरेत माया आहे, आणि भेसळीच्या औषधाने ती जाते तेव्हा थिएटर रडतं. त्याला फिल्मफेअर मिळालं. पुढे 1987 ला ‘रामायण’ मध्ये मंथरा म्हणूनही तोच डोळा. एका डोळ्यात एवढं सगळं! त्यांच्याबद्दल आपण मराठी लोक फार कमी लिहितो असं मला कायम वाटतं.

बायकांचं परत येणं अवघडच असतं म्हणा, कारण पुरुषाच्या सुरकुत्यांना इंडस्ट्री अनुभव म्हणते आणि बाईला थेट आईच्या रोलला पाठवते. म्हणून नीना गुप्तांची मला फार कदर आहे. 2017 ला त्यांनी इन्स्टाग्रामवर सरळ लिहिलं की मी मुंबईत राहते, चांगली अभिनेत्री आहे, चांगलं काम शोधतेय. ‘साँस’ सारखी मालिका लिहून, दिग्दर्शित करून दाखवलेली बाई, साठीला आलेली, आणि काम मागते, उघडपणे! पुढच्या वर्षी ‘बधाई हो’ आला. पन्नाशीतल्या बाईला दिवस गेलेत आणि सगळं गाव कुजबुजतंय. ज्या बाईने ऐंशीच्या दशकाच्या शेवटी लग्नाशिवाय मुलगी जन्माला घातली आणि तेव्हाची सगळी कुजबुज झेलली, तिला हा रोल समजावून सांगायची गरजच नव्हती, मेरठच्या लग्नात नातेवाईक बघतात तेव्हा ती मान ज्या पद्धतीने किंचित खाली घालते ते बघा एकदा. त्यानंतर ‘पंचायत’ मधली मंजू देवी, मग ‘ऊंचाई’ साठी राष्ट्रीय पुरस्कार. रुर्कला जे जमलं नाही ते ह्यांनी केलं, दार उघडल्यावर आत जाऊन ठाण मांडलं.

आता ज्यांच्यासाठी मला असा एक रोल हवाय त्या म्हणजे उर्मिला मातोंडकर. ‘रंगीला’ सगळ्यांना आठवतो, मला ‘एक हसीना थी’ आठवतो, जेलमधून बाहेर पडलेली, थंड डोक्याने सूड घेणारी. मराठीत 2014 ला ‘आजोबा’ मध्ये बिबट्याच्या मागावर असलेली अभ्यासक, किती साधं आणि नेमकं काम होतं ते. नंतर सिनेमा जवळपास थांबला, 2019 ला उत्तर मुंबईतून लोकसभा लढवली, हरल्या, घाणेरड्या टीकेला तोंड दिलं, पक्ष बदलला. भर उन्हातला प्रचार, मतमोजणीचा दिवस, दुसऱ्या दिवशी वाजणं बंद झालेला फोन, हे सगळं त्यांनी जवळून बघितलेलं असणार. मराठीत आज इतके चांगले लेखक आहेत, इतक्या वेब सिरीज होतायत, निवडणूक हरलेल्या बाईची गोष्ट अजून कोणी नीट सांगितलेली नाही. कोणीतरी लिहा, आणि पहिला फोन उर्मिलाताईंनाच करा.