डेकखालचं पाणी

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी साडेसहाला काकूंचा फोन. "अगं, हॉलमध्ये पाणी आलंय. डेककडून."

मी फोंड्याहून निघाले. काका-काकू पुण्याहून बार्देशातल्या एका गावी कायमचे राहायला आलेले. जुन्या घराच्या मागचा तो डेक, म्हणजे फळ्यांचं उघडं अंगण, मीच आखला होता. सगळं हल्ली मागतात तसं: हॉल आणि डेक एकाच पातळीत, मधे सरकतं काचेचं दार, वर पर्गोला म्हणजे उघड्या तुळयांचा मांडव, भिंतीलगत बांधीव बैठक, कोपऱ्यात ओटा. वाळवी नको म्हणून लाकडाचा भुसा आणि प्लास्टिकच्या डब्ल्यूपीसी फळ्या. खारी हवा म्हणून स्क्रू ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे. ३०४ प्रतीला समुद्राजवळ गंजाचे डाग पडतात. एवढा विचार केला होता!

पोचले तर पुढच्या बलकांवात, म्हणजे गोव्याकडच्या ओसरीत, सोप्यावर (बांधीव बाकावर) बसून काका चहा पीत होते. तीन पायऱ्या चढून असलेला तो बलकांव ठणठणीत कोरडा. काका काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

मेस्ताने, म्हणजे मिस्त्रीने, फळ्या उचकल्या. कोब्याला शंभराला एक उतार होता, बरोबर होता. पण फळ्यांना खालून आधार देणारे पाइप उताराला आडवे. हॉल लांब वाटावा म्हणून फळ्या दारातून सरळ बागेकडे धावायला हव्यात, हा हट्ट माझाच. फळ्या पाइपांवर काटकोनात बसतात, मग पाइप आडवेच येणार. प्रत्येक पाइप म्हणजे एक बांध. फटींतून पडलेली जांभळाची पानं आणि लाल माती साचून आत चक्क वाफे झाले होते. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत. तुंबलेलं पाणी दाराच्या रुळातून आत शिरलं.

"बाये, उदकाक वाट खंय दवरल्या?" पाण्याला वाट कुठे ठेवलीय, असं मेस्ताने विचारलं. नकाशा माझ्या हातातच होता. मी तो गुंडाळला.

पावसाने उघडीप दिल्यावर कोबा फोडून डेक एक पायरी खाली उतरवला, पाइप उताराच्या दिशेने टाकले, दारासमोर जाळीचं गटार काढलं. खर्च अर्थात माझा. फळ्यांची दिशा फिरल्याने बरेच तुकडे उरले. ते मेस्ताने कोंबड्यांच्या खुराड्यासाठी नेले. तीन पावसाळे झाले, एकही फळी कुजलेली नाही, असं तो भेटेल तेव्हा मुद्दाम सांगतो.