आमची वाटचाल : झाळकामापासून टिग वेल्डिंगपर्यंत

कोल्हापुरात उद्यमनगरला आमचं रेडिएटरचं छोटं वर्कशॉप आहे. सुरुवात आण्णांनी केली, म्हणजे वडिलांनी, ऐंशीच्या दशकात. तेव्हा रस्त्यावर फियाट, अ‍ॅम्बॅसेडर, जीप आणि ट्रक, सगळ्यांचे रेडिएटर तांब्या-पितळेचे, त्यामुळं काम ठरलेलं, टाकी तापवून उघडायची, नळ्यांत पट्टी घालून गाळ काढायचा, कोर, म्हणजे नळ्या आणि जाळीचा मधला भाग, कॉस्टिक सोड्यात उकळायचा आणि शिसं-कथलानं परत झाळायचं. नवसागराच्या धुरानं डोळे चुरचुरायचे.

मग अ‍ॅल्युमिनिअमचा कोर आणि प्लॅस्टिकची टाकी असलेल्या गाड्या आल्या आणि आमचं काम निम्म्यावर आलं, कारण तो रेडिएटर फुटला की लोक सरळ नवा घालतात. शिवाय जुनी पद्धत त्याला चालत नाही, कॉस्टिकमध्ये अ‍ॅल्युमिनिअम टाकलं की फसफसून विरघळायलाच लागतं. मी टिग वेल्डिंग शिकलो, म्हणजे आर्गॉन गॅसच्या आडोशात विजेच्या ठिणगीनं धातू वितळवून जोडायचं, कर्ज काढून मशीन घेतलं, आण्णा म्हणाले आर्गॉनचं सिलिंडर परवडणार आहे का तुला, पण घेतलं. आता तयार कोर आणतो, टाक्या पत्रा वाकवून इथंच करतो आणि जुन्या गाड्यांना फुल अ‍ॅल्युमिनिअमचा रेडिएटर मापानं बनवून देतो.

गिऱ्हाईक येतं तेच मुळी "गाडी तापतीय, अ‍ॅल्युमिनिअमचा घाला" म्हणत. मी आधी विचारतो, तापते कुठं? ट्रॅफिकमध्ये उभी असताना तापत असेल तर हवा कमी पडतीय, म्हणजे फॅन, बेल्ट नाहीतर फॅनभोवतीचं श्राऊड (हवा कोरमधनंच खेचायला लावणारं कडं) कुणीतरी काढून फेकलंय, त्याला नवा रेडिएटर घालून काय होणार. हायवेला ऐंशीच्या स्पीडला काटा चढत असेल तर मात्र कोर चोंदलाय असा संशय घ्यायचा. गगनबावड्याच्या घाटात दोन्ही दुखणी एकदम बाहेर पडतात. आणि थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह! आपल्याकडं गाडी तापली की फिटर पहिला थर्मोस्टॅट काढून टाकतात, मग इंजिन थंडच राहतं, पेट्रोल जास्त खातं, आणि तापायचं मूळ कारण तिथंच.

एवढं सगळं बघून मगच अ‍ॅल्युमिनिअमचं बोलायचं. तांबं उष्णता अ‍ॅल्युमिनिअमच्या दीडपटीहून जास्त वाहतं हे खरंय, लोक तेच ऐकवतात, पण तांब्याची नळी साधारण अर्धा इंच रुंद, त्याहून फार रुंद केली तर प्रेशरनं फुगते, म्हणून तीन-चार ओळी लावाव्या लागतात, आणि जाळी नळीला धरून ठेवणारं सोल्डर उष्णता नीट सोडत नाही. अ‍ॅल्युमिनिअमची नळी एक इंच रुंद चालते, जाळी ब्रेझिंगनं नळीशी एकजीव असते, त्यामुळं दोन ओळींत काम भागतं आणि वजन निम्म्याच्या आसपास. म्हणून "किती रोचा?", म्हणजे किती ओळींचा, असं नुसतं विचारू नका, नळी किती रुंद ते विचारा. जाळी फार दाट नको, आपल्या धुळीत ती लगेच बुजते.

जाडीचा मोह तर अजिबात नको. अ‍ॅम्बॅसेडरसारख्या गाडीत फॅन वॉटर पंपावरच बसलेला, इंजिन माउंटवर (रबरी बैठकीवर) हलतं, तेव्हा फॅन आणि कोरमध्ये निदान इंचभर जागा पाहिजेच. टाकी बॉडीला कडक बोल्टनं आवळायची नाही, रबरी बुश घालायचे, नाहीतर खड्ड्यांत वेल्डिंगला तडा जातो. रेडिएटरची टोपी मूळच्याच प्रेशरची ठेवा, जास्त प्रेशरची लावली की जुने होज (रबरी पाइप) आणि हीटर आधी फुटतात.

अ‍ॅल्युमिनिअमचा खरा वैरी बोअरचं पाणी आणि खराब अर्थिंग, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हची इंजिन-बॉडीशी ढिली जोडणी, मग करंट कूलंटमधनं वाट काढतो. डीएम वॉटर (क्षार काढलेलं पाणी) आणि कूलंट निम्मं-निम्मं, बास. नवा बसवायच्या आधी, जुना गाडीवर असतानाच, मी मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला लावतो, दुसरं नुसतं कूलंटमध्ये बुडवतो, आणि इंजिन, दिवे, सगळं चालू करून बघतो. ०.१ व्होल्टच्या आत असेल तर निर्धास्त, ०.३ च्या वर गेलं तर आधी अर्थची पट्टी बदला मगच रेडिएटर, नाहीतर नवा कोरही आतनं बारीक भोकं पडून गळणार.

एक धंद्याच्या विरुद्धची गोष्टही सांगतो. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना २०२१ च्या नियमानं व्हीए सिरीजचा व्हिंटेज नंबर मिळतो, त्याला गाडी मूळ रूपात लागते. अशा मालकांना मी सांगतो, टाक्या मूळच्या राहू देत, फक्त तांब्याचा कोर नवा घाला. ते झाळकाम अजून मीच करतो, पोरगा टिगवर असतो.

येताना जुना रेडिएटर भंगारात घालून येऊ नका, घेऊनच या. गाडीवरचं माप आणि त्याचं माप ताडून बघता येतं, होजच्या तोंडाचा व्यास कळतो, आणि तांब्या-पितळेला भाव चांगला आहे, तेवढे पैसे बिलातनं कमी करतो.