आधी सा लावा, मग तंबोरा बघू

महालक्ष्मी एक्स्प्रेस पहाटे मिरजेत येते. मुंबई-पुण्याकडची तंबोरा घ्यायला येणारी मंडळी बहुधा याच गाडीनं उतरतात, स्टेशनवर चहा घेतात आणि आमचं दुकान उघडायच्या आधीच दारात उभी असतात. म्हणून वडिलांनी घातलेला शिरस्ता आजही चालू आहे. सातला दार उघडायचं, सतरंजी झटकून अंथरायची आणि आलेल्या माणसाला आधी बसू द्यायचं. "घसा मोकळा होऊ दे त्यांचा, घाई कसली," असं वडील म्हणायचे. रात्रभर गाडीत बसून आलेल्या माणसाचा सातच्या ठोक्याला सा लागत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आणि सा लागल्याशिवाय ते भिंतीवरचा एकही तंबोरा खाली काढत नसत.

मिरजेत तंतुवाद्यं घडायला लागली ती एकोणिसाव्या शतकात. हत्यारांना धार लावणारी इथली शिकलगार घराणी. तलवारींचे दिवस सरले तशी त्यांचीच माणसं लाकडाकडे आणि तारांकडे वळली. फरीदसाहेबांचं नाव त्यात पहिलं घेतलं जातं. पुढं किराणा घराण्याचे गायक खाँसाहेब अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले. 1937 साली प्रवासात त्यांचं निधन झालं आणि त्यांना इथंच, मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात दफन केलं. उरुसातल्या त्यांच्या स्मृतीच्या संगीतसभेला दरवर्षी गाणारे-वाजवणारे येतात, हजेरी लावतात आणि जाताना आपलं वाद्य आमच्या वाद्यवाल्यांच्या गल्लीत दाखवून जातात. आमच्यासारख्या लहान दुकानांचं पोट त्या येण्याजाण्यावर चाललं आहे.

आजोबा दुसऱ्याच्या कारखान्यात भोपळे कोरायचे. स्वतःचं दुकान वडिलांनी काढलं. पुढं दहा बाय बाराची खोली, मागं पत्र्याखाली काम. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूनं येतात, तुनीचं लाकूड व्यापाऱ्याकडून. भोपळा नीट वाळलेला नसेल तर वर्षभरात बसतो, म्हणून आणलेला माल महिनोन्‌महिने माळ्यावर पडून राहतो. त्यात पैसा अडकतो, पण त्याला इलाज नाही.

आता जवारीबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

तंबोऱ्याच्या घोडीवर तारा ज्या रुंद पाटावरून जातात तो वरवर पाहता सपाट दिसतो. तो सपाट नसतो. कानशीनं आणि मग पॉलिश पेपरनं त्याला अगदी अलगद उतार दिलेला असतो. तार छेडली की थरथरताना ती त्या उताराला टेकत-सुटत राहते आणि तिच्यातून मूळ स्वराच्या जोडीला वरचे स्वर फुटू लागतात. हीच जवारी. त्यात तारेखाली सुताचा एक धागा सरकवायचा असतो. धागा नेमक्या जागी आला की तार बोलते. केसभर पुढं किंवा मागं गेला की तीच तार मुकी होते. चार तारा, चार धागे: पंचम, दोन जोडाच्या आणि खर्ज. चारही बोलायला लागल्या की खोलीत तुम्हाला न छेडलेला गंधार, म्हणजे ग, ऐकू येतो. पहिल्यांदा ऐकणारा माणूस इकडंतिकडं बघायला लागतो, कोण वाजवतंय म्हणून.

पण ही जवारी सगळ्यांना सारखी चालत नाही. कुणाचा आवाज रुंद, खर्जाचा. त्याला गोल, मऊ नादाची जवारी लागते. बारीक, टोकदार आवाजाला थोडी खुली, जास्त झणकारणारी ठेवली तर आवाज आणि तंबोरा एकमेकांत मिसळतात. हार्मोनियमच्या काळी एक पट्टीला सा धरून गाणाऱ्या पुरुषाच्या तारा वेगळ्या जाडीच्या, काळी चार-पाचमध्ये गाणाऱ्या बाईच्या वेगळ्या. पट्टी चुकीची धरली तर तारा एकतर ढिल्या लोंबतात नाहीतर तुटायला येतात. म्हणून गाणारा माणूस समोर बसून गायल्याशिवाय शेवटचा हात फिरवता येत नाही. तो गातो, मी ऐकतो, घोडीवर दोनदा कानस फिरवतो, परत तार चढवतो, तो परत गातो. कधी यात दोन तास जातात, कधी दिवस.

2020 च्या मार्चमध्ये सगळं बंद झालं तेव्हा दुकानात नऊ तंबोरे तयार होते. गाड्या बंद, मैफली बंद, उरुसाची सभाही नाही. कारागिरांची मजुरी थांबवता येत नव्हती. मुलानं सुचवलं आणि आम्ही एका मोठ्या ऑनलाइन बाजारात माल लावला. त्याची काही लाज वाटत नाही; त्या महिन्यांत घर त्यावर चाललं. तारा, गवसण्या म्हणजे वाद्यावरच्या खोळी, सतारीच्या नख्या भराभर गेल्या आणि आजही जातात. लांबच्या गावातल्या माणसाला दोन तारांसाठी मिरजेची वारी कशाला? तिथं ऑनलाइन हीच सोय आहे आणि ती चांगली आहे.

तंबोऱ्यांचं मात्र वेगळं झालं. पाच गेले, त्यातले तीन परत आले. एकाचा भोपळा वाटेत तडकला होता. बाकी दोन धड होते, फक्त परतीच्या कारणात लिहिलं होतं, "आवाज नीट नाही." आणि ते खरंच होतं! प्रवासासाठी तारा उतरवाव्या लागतात. पलीकडं पेटी उघडणाऱ्या माणसानं तारा चढवल्या, पण धागा कुठं ठेवायचा, सूर बारीक जुळवायचा तारेतला मणी किती सरकवायचा हे त्याला सांगणार कोण? त्याला आयुष्यातला पहिला तंबोरा मिळाला तो मुका. तो माणूस परत कधी तंबोऱ्याच्या वाटेला गेला असेल का, हा विचार मला पैशापेक्षा जास्त लागला. त्यानं पेटीबरोबर गाणंही परत पाठवलं असेल तर?

मग आम्ही व्हिडिओ कॉलवर बसायला लागलो. त्यात एक गोष्ट लक्षात आली ती लिहून ठेवण्यासारखी आहे. मुंबईतले एक वृद्ध गुरुजी वडिलांच्या वेळेपासून दर वर्षी जवारी काढून घ्यायला येतात. त्या वर्षी येणं शक्य नव्हतं. त्यांनी फोन घोडीजवळ धरला आणि तार छेडली. मला पहिला टणत्कार ऐकू आला आणि मग काहीच नाही. त्यांनी पुन्हा छेडली. पुन्हा तेच. मला वाटलं फोन बिघडला. मुलानं सांगितलं, यात बिघाड काही नाही. बोलणं स्पष्ट ऐकू यावं म्हणून फोन मागचा एकसारखा चालणारा आवाज गाळून टाकतो, पंख्याचा, गाडीचा. तंबोऱ्याचा नाद त्याला तसाच वाटतो. ज्याच्या आधारावर सगळं गाणं उभं राहतं, नेमकं तेच तो काढून टाकत होता. पलीकडं गुरुजी विचारत होते, "येतंय ना ऐकायला?" आणि माझ्याकडं उत्तर नव्हतं. सेटिंग बदलून थोडं जमलं, पण घोडीचा उतार कानशीच्या किती फेऱ्यांनी बदलायचा हे ठरवण्याइतकं कधीच जमलं नाही.

गाड्या सुरू झाल्यावर ते आले. मास्क लावून, तंबोरा मांडीवर आडवा घेऊन. जवारी पार बसली होती, तारांनी घोडीवर चरे पाडले होते. काम झाल्यावर त्यांनी डोळे मिटून बराच वेळ नुसती तार छेडली, गायले नाहीत. मीही बोललो नाही. चाळीसेक वर्षांत या माणसानं आमच्याकडून एकच तंबोरा घेतला आहे. हिशेबाच्या वहीत त्यांचं नाव शोधलं तर जवारीच्या मजुरीच्या बारीकबारीक नोंदी सापडतील, बस्स. पण त्यांच्या हाताखालून गेलेले किती विद्यार्थी आमच्या सतरंजीवर बसून गेले, ते मोजायला गेलो तर मोजता येणार नाही.

तेव्हा आम्ही ठरवलं आणि ते ठरवणं सोपं नव्हतं, कारण घरात सगळ्यांचं मत तसं नव्हतं. गाणाऱ्याला ऐकल्याशिवाय तंबोरा विकायचा नाही. ऑनलाइन बाजारातून वाद्यं काढून घेतली, सामान ठेवलं. परदेशातून मागणी आली तर आधी गाण्याचं ध्वनिमुद्रण मागतो आणि शक्यतो त्याच पट्टीत गाणारं इथलं कुणीतरी पाठवा म्हणतो. न्यू जर्सीच्या एका ताईंसाठी त्यांची मावशी डोंबिवलीहून येऊन दिवसभर गायल्या. भाचीची पट्टी, भाचीच्या चिजा. संध्याकाळी निघताना मावशी म्हणाल्या, मलाही आता एक लागेल.

2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. आनंद झालाच, कारण मिरजेचं नाव लावून कुठलाही माल खपवणारे कमी नाहीत आणि फोटोत सगळे तंबोरे सारखेच देखणे दिसतात. मानांकनामुळं नाव जपलं जाईल. हा तंबोरा तुमच्या गळ्याला बसेल की नाही, ते मात्र त्यानं कळत नाही.

गेल्या वर्षी नांदेडहून एक मुलगी वडिलांबरोबर आली होती, चौदा-पंधरा वर्षांची. वडिलांच्या फोनमध्ये एक फोटो होता, भरगच्च नक्षीचा मोठा मर्दानी तंबोरा. "असाच पाहिजे," ते म्हणाले. मुलीसाठी जन्मात एकदा घ्यायची वस्तू, चांगलीच घ्यायची, ही त्यांची भावना मला समजत होती. मी वाद केला नाही. तसाच एक खाली काढून तिच्या मांडीवर दिला. भोपळ्याला वळसा घालून तिचा हात तारांपर्यंत पोचताना खांदा वर उचलला जात होता. दहा मिनिटांत तिनं दोनदा मान मोडली. वडिलांनी ते पाहिलं आणि स्वतःच म्हणाले, "लहान दाखवा."

जनानी तंबोरा दिला. काळी चारला लावला, तिनं तीच पट्टी सांगितली होती. लाजत लाजत सा लावला. सूर पक्का होता, पण वरच्या सा कडं, तार षड्जाकडं जाताना चेहरा ओढला जात होता. मी म्हटलं, जरा खाली, पांढरी पाचला बघू या का? तिनं वडिलांकडं पाहिलं. गुरूंनी दिलेली पट्टी मी कोण बदलणार; म्हणून तिच्या सरांना फोन लावला. सर मोकळेपणानं म्हणाले, "मलाही वाटत होतं हो. पण वर्गात बारा पोरी एका पेटीवर गातात, एकटीसाठी पट्टी बदलता येत नाही. घरचा रियाज तिनं खुशाल पांढरी पाचला करावा."

तारा बदलल्या. जवारी थोडी खुली केली. दुपार झाली होती, घरून भाकरी आली, तिघं जेवलो. मग ती परत बसली आणि यमन सुरू केला. या वेळी निषादावर थांबली, तसा तंबोरा तिच्याबरोबर बोलला. ती गायची थांबली, तंबोऱ्याच्या दांडीला कान लावला आणि नुसती ऐकत राहिली. वडील घड्याळ बघत होते, परतीची गाडी होती. त्यांनी घड्याळ खिशात टाकलं.

माझा मुलगा आता घोडीचं काम शिकतो आहे. कान चांगला आहे त्याचा, हात अजून घाई करतो. त्यानं दुकानात एक सुधारणा केली: खाली बसता न येणाऱ्यांसाठी बुटकी लाकडी चौकी करून घेतली, गुरुजींना डोळ्यांसमोर ठेवून. गुरुजींनाच नव्हे, बऱ्याच जणांना ती उपयोगी पडते आहे.

दुकान सकाळी सातला उघडतं. घ्यायचं काही नसेल आणि नुसतं ऐकायचं असेल तरी या. जवारी काढायची असेल तर अर्धा दिवस हाताशी ठेवा आणि शक्यतो ज्यांच्यासाठी तंबोरा आहे त्यांना बरोबर आणा. गवसणी विसरू नका, परतीच्या गाडीत लागते.