कॉइल नवी, तरी पाणी कोमट

तक्रार साधीच होती: पंधरा लिटरचा गीझर, पाणी तापायला उशीर. आठ दिवसांपूर्वी कॉइल बदलून झाली होती, फरक काही नाही. "दादा, आता गीझरच नवा घेऊ का?" काकूंनी विचारलं. पॅसेजमध्ये अधूनमधून जळक्या प्लास्टिकचा वास येतो, हे मात्र त्यांनी जाता जाता सांगितलं.

गीझरच्या पट्टीवर 230 व्होल्ट, 2000 वॅट. 230 चा वर्ग भागिले 2000, म्हणजे रोध 26.45 ओहम यायला हवा. प्लग काढून पिनांवर मल्टिमीटर लावला: 26.2. कॉइल ठणठणीत. ही कॉइल थंड असो वा गरम, रोध जवळपास तेवढाच राहतो, म्हणून हे माप चालतं. शंभर वॅटच्या जुन्या पिवळ्या बल्बवर हाच हिशेब लावाल तर फसाल. थंड फिलामेंटचा रोध पेटलेल्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी भरतो.

मग सॉकेटचा बोर्ड उघडून मोजलं. गीझर बंद असताना 228 व्होल्ट, चालू करताच 209. करंट मोजणारा क्लॅम्प मीटर एकट्या फेजच्या, म्हणजे करंट आणणाऱ्या, वायरीभोवती लावला (दोन्ही वायरी एकत्र धरल्या तर शून्यच दिसतं): 7.9 अँपिअर. 209 भागिले 7.9, म्हणजे पुन्हा साडेसव्वीस ओहमच. पण 209 गुणिले 7.9 फक्त 1650 वॅट. साडेतीनशे वॅट कमी.

त्याच वेळी मेन बोर्डवर 225 होते. म्हणजे 16 व्होल्ट घरातच पडत होते. वायर दीड स्क्वेअर एमएमची, बोर्डापासून वीस मीटर, जाऊन-येऊन चाळीस. किलोमीटरला बारा ओहम धरले तर अर्धा ओहमही होत नाही, चार व्होल्ट जातील फार तर. उरलेले 12 कुठे?

लांब वायर जोडून मीटरची एक पिन मेन बोर्डच्या न्यूट्रलवर (करंट परत नेणारी वायर), दुसरी सॉकेटच्या न्यूट्रलवर धरली. चालू गीझरवर 14 व्होल्ट. फेजला तसंच केलं तर जेमतेम 2. दोष न्यूट्रलमध्ये, आणि वाटेत जंक्शन बॉक्स एकच, पॅसेजच्या माळ्याखाली.

मेन बंद करून, टेस्टरने खात्री करून झाकण काढलं. आत नुसता पीळ देऊन टेप मारलेला जॉइंट. टेप वितळून चिकटलेली, तांबं काळंनिळं, इन्सुलेशन बोटाने मोडत होतं. 12 गुणिले 7.9, म्हणजे 95 वॅट त्या पेरभर जागेत जळत होते. एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) का पडली नाही? पडणार कशी! सैल जॉइंटचा रोध ओळीत येतो, करंट वाढत नाही, उलट कमी होतो. 16 अँपिअरच्या एमसीबीला 7.9 म्हणजे काहीच नाही.

तो जॉइंट नुसता कापून पुन्हा पिळणं म्हणजे सहा महिन्यांची उधारी. बोर्डापासून सॉकेटपर्यंत अडीच स्क्वेअर एमएमची अखंड वायर ओढली, मध्ये जॉइंट ठेवलाच नाही. सॉकेटचे स्क्रूही घट्ट केले. नंतर मोजलं: 222 व्होल्ट, 8.4 अँपिअर, 1865 वॅट. पूर्ण 2000 येणार नाहीत, कारण लाइनवरच 230 नाहीत.

काढलेली जुनी कॉइल काकूंनी माळ्यावर टाकली होती. मीटर लावला: 26.6 ओहम.