आधी हात पुसा, मग धुवा

परवा आईच्या गुडघ्यांसाठी डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधाचं जेल आणायला गेले. आपल्याकडे घरोघरी असतं तेच, कंबर धरली की चोळायचं. फार्मासिस्ट बाईंनी ट्यूब हातात देताना बजावलं, "लावून झालं की हात लगेच नळाखाली धरू नका. आधी कागदाने पुसा, कागद कचऱ्यात टाका आणि मग धुवा."

कारण त्या जेलमधलं जेमतेम ६ टक्के औषध कातडीतून शरीरात जातं. बाकीचं हातावर, कपड्यांवर राहतं आणि मोरीतून गटारात जातं. सांडपाणी शुद्धीकरण केंद्रातले जिवाणू साबण आणि मैला पचवतात, पण डायक्लोफेनॅकचा बराचसा भाग त्यांना दाद देत नाही. तो नदीत उतरतो आणि माशांच्या मूत्रपिंडांना इजा करतो.

मी राहते ते स्वित्झर्लंडमधलं बाझेल हे ऱ्हाइन नदीकाठचं, औषध कंपन्यांचं शहर. डायक्लोफेनॅकही इथल्याच सिबा-गायगी कंपनीचं. उन्हाळ्यात संध्याकाळी अर्धं गाव कपडे वॉटरप्रूफ पिशवीत भरून या नदीत पोहत असतं, त्यामुळे पाण्यात काय आहे हा इथे प्रत्येकाच्या घरचा प्रश्न आहे. स्वित्झर्लंडने २०१६ पासून कायदाच केला: शंभराहून अधिक सांडपाणी केंद्रांनी ओझोन किंवा सक्रिय कोळसा वापरून औषधांचे असे अंश ८० टक्के काढायचे. त्यासाठी माणशी वर्षाला जास्तीत जास्त ९ फ्रँक कर बसतो. मला तो अगदी रास्त वाटतो.

हे सगळं ऐकताना मला आपली गिधाडं आठवत होती. हेच औषध आपण गुराढोरांना टोचलं. ते जनावर मेलं की गिधाडं त्यावर उतरायची आणि मूत्रपिंडं निकामी होऊन मरायची. आतल्या अवयवांवर युरिक ॲसिडचा पांढरा थर साचलेला असायचा. या मृत्यूंचं कारण २००४ मध्ये उघड झालं, २००६ मध्ये भारताने जनावरांसाठी त्यावर बंदी घातली. तोवर पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९ टक्क्यांहून जास्त घटली होती. मुंबईत पारशी समाजाला दख्म्यांवर, म्हणजे मृतदेह गिधाडांसाठी ठेवतात त्या मनोऱ्यांवर, सूर्याची उष्णता एकवटणारी यंत्रं बसवावी लागली. रायगडात म्हसळ्याजवळ चिरगावला गावकरी अजून घरटी राखतात, त्यांचे उपकार मानावेत तेवढे थोडे.

इथे बाझेलला उरलेल्या गोळ्या औषध दुकानदार परत घेतात, नंतर त्या जाळल्या जातात. केरळने कोझिकोडपासून तशी योजना सुरू केली आहे. महाराष्ट्रात ती प्रत्येक केमिस्टकडे हवी, आणि ही मागणी आपल्या नगरसेवकाकडे लेखी करायला हवी.