वहिनी विचारते, तापीचा मासा खाऊ का?

वहिनीला सातवा महिना लागलाय आणि परवा फोनवर तिने सरळ विचारलं, "भाऊजी, तापीचा मासा खाऊ का नको?" तिची आई म्हणते मासा खा, रक्त वाढतं, आणि व्हॉट्सअपवर कोणीतरी टाकलंय की नदीचा मासा म्हणजे विष. खरं सांगू का, दोघांच्या बोलण्यात तथ्य आहे, आणि दोन दिवस डोक्यात तेच फिरतंय म्हणून लिहून टाकतो.

आमच्याकडे मासा येतो तापीवरच्या हतनूर धरणाच्या बॅकवॉटरचा. चांगदेवला पूर्णा तापीला मिळते आणि तिथून थोडं खाली धरणाचे ते ४१ दरवाजे. पाणी अडलं की गाळ बसतो, आणि पारा, शिसं, कॅडमियम असल्या विषारी धातूंना गाळच आवडतो. शेतातून, गटारातून, कारखान्यातून, कोळशाच्या राखेतून, जुन्या रंगातून जे धातू नदीत उतरतात ते कुजून संपत नाहीत, तळाशी जाऊन बसतात. मग गाळातले जिवाणू साध्या पाऱ्याचा मिथाइल पारा, म्हणजे अंगात सहज मुरणारा जास्त विषारी पारा करतात, तो किड्यात जातो, किडे बारीक मासोळी खाते, मासोळीला मरळ खाते, आणि प्रत्येक पायरीला तो वाढत जातो. जपानात मिनामाताला हेच झालं, १९५६ मध्ये तो आजार उघडकीला आला, आणि तिथे आईला फारसा त्रास नसतानाही पोटातली बाळं अधू जन्माला आली. हे वाचल्यापासून मला वहिनीच्या प्रश्नाला हसण्यावारी उत्तर देता येईना.

पारा माशाच्या मांसातच असतो, कितीही धुवा, कितीही काळा मसाला घालून उकळा, जात नाही. कॅडमियम जास्त करून लिव्हर आणि किडनीत, शिसं काट्यात, खवल्यात, कल्ल्यात. म्हणजे साफ करताना आतडी-कल्ले नीट काढले तर बराच फरक पडतो. आमची आजी कल्ले काढल्याशिवाय मासा चुलीजवळ येऊ देत नव्हती, तिला कॅडमियम माहीत नव्हतं पण हात बरोबर चालायचा.

पण मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट वेगळीच आहे. आपलं शरीर शिशाला कॅल्शियम समजून फसतं. अंगात कॅल्शियम आणि लोह कमी असेल तर आतडं शिसं जास्त ओढून घेतं, ते हाडात वर्षानुवर्षं पडून राहतं आणि गरोदरपणात बाळासाठी हाडातून कॅल्शियम निघायला लागलं की त्याच्यासोबत तेही रक्तात येतं. म्हणजे जिच्या अंगात रक्त कमी तिलाच धोका जास्त, आणि तिलाच लोक म्हणतात मासा बंद कर! बारीक मासोळी काट्यासकट खाल्ली तर कॅल्शियम, लोह, झिंक सगळं मिळतं. आता काट्यात शिसंही असतं, म्हणून मासा कुठे धरला ते विचारायचंच, गटाराचा नाला मिळतो तिथला की वाहत्या स्वच्छ पाण्यातला.

शिशावरून आठवलं. गेल्या रविवारी काठावर एक बारा-तेरा वर्षांचा पोरगा जाळं दुरुस्त करत होता, जाळ्याच्या कडेला शिशाचे मणी, आणि नवा मणी दोरीवर बसवायला तो दाताने दाबत होता. एकामागून एक, दहा-पंधरा मणी, ओठ करडे पडलेले. मी त्याला म्हटलं, बेटा पक्कड घे, तर म्हणतो, "काका, आमच्या घरी सगळे असंच करतात." माशातल्या शिशाची आपण मापं काढतो, आंतरराष्ट्रीय मर्यादा किलोला ०.३ मिलिग्रॅम, आणि हा पोरगा ते थेट तोंडात धरून बसलेला. मला ते अजून बघवत नाही.

वहिनीला सांगितलं ते असं: मरळ, वाम, शिंगाडा असले मोठे, दुसऱ्या माशांवर जगणारे मासे बाळ होईपर्यंत नको. रोहू, कटला मध्यम आकाराचा चालेल, आठवड्यातून एक-दोनदा, आणि डोकं-आतडी टाकून. बारीक मासोळी चांगल्या पाण्यातली मिळाली तर नक्की, पोट साफ करून. गोळ्या डॉक्टरांनी दिल्यात त्या चुकवायच्या नाहीत. आणि मासेवाल्या मावशीला न लाजता विचारायचं, कुठला आहे म्हणून.

तिने विचारलं. मावशी म्हणाली, "पोटुशी आहेस ना, मग हा नको घेऊ, हा नाल्याच्या तोंडावरचा आहे," आणि टोपलीतला दुसरा काढून दिला.